हलकं घेऊ की जड?

अगं, किती डोकं शिणवून घेतेस! एक म्हणतो धातूचंच घे, दुसरा म्हणतो पॉलिमरचं घे, आणि तू रात्र रात्र व्हिडिओ बघत बसतेस. आधी शांत हो बघू. तुला १० मीटर एअर पिस्तूल खेळायचंय. म्हणजे पिस्तूल एकाच हातात, दुसरा हात खिशात नाहीतर कमरेच्या पट्ट्यात. तेवढ्यापुरतंच बोलू.

खरं सांगू का, समोर बाई दिसली की हलकं पिस्तूल पुढे सरकवायची जी सवय आहे ना लोकांना, तिचा मला मनस्वी राग येतो. "तुम्हाला झेपेल असं दाखवतो" म्हणे! झेपायचं काय त्यात? घरात कडेवर मूल घेऊन दुसऱ्या हाताने पोळी उलटतेस तू.

हलकं पिस्तूल उचलायला सोपं असतं गं, पण स्थिर धरायला अवघड. हात लांब केलास की पुढची साइट मागच्या खाचेत दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक, सारखी फट असते. हातात वजन कमी असेल तर मनगटाचा थरकाप, अगदी श्वाससुद्धा त्या फटीत उमटतो. थोडं वजन असलं, आणि तेही नळीच्या टोकाकडे झुकलेलं असलं, की साइट संथ डोलते. डोलायची थांबत नाही ती, कुणाचीच थांबत नाही, पण तिच्यावर भरवसा ठेवून चाप दाबता येतो.

आणि चापाचं तर कुणी बोलतच नाही बघ! रिकाम्या पातेल्याला बोट लागलं तरी ते ओट्यावर सरकतं, भरलेलं जागचं हलत नाही. पिस्तुलाचंही तसंच. १० मीटरच्या नियमाप्रमाणे चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा, आणि स्पर्धेची चांगली पिस्तुलं किलोच्या आसपास भरतात. म्हणजे चापाचा जोर वजनाच्या निम्मा. आता ते पॉलिमरचं ग्लॉक १७ घे. रिकामं जेमतेम ६३० ग्रॅम, आणि चाप दाबायला अडीच किलोच्या घरात जोर. एका हाताने दाबलंस की उजव्या हाताची गोळी हमखास खाली-डावीकडे जाते. ते पिस्तूल वाईट नाही गं, ते दोन हातांनी धरायला आणि दिवसभर कमरेला बाळगायला केलेलं आहे. त्यामुळे त्याची तारीफ ऐकून तू तुझं पिस्तूल ठरवू नकोस.

मग जड तेवढं चांगलं का? तसंही नाही. नियम १५०० ग्रॅमपर्यंत परवानगी देतो, तरी मोरिनी, स्टायर, वॉल्थरवाले किलोच्या जवळच थांबतात. २०१८ पासून बायकांनाही ४० ऐवजी ६० शॉट आहेत, ७५ मिनिटांत. वर सरावाचे शॉट वेगळे. प्रत्येक शॉटला हात वर जातो, खाली येतो. शेवटच्या दहा शॉटना खांदा भरून आला की स्थिरपणा गेलाच म्हणून समज.

शिवाय धातूचं म्हणजे जडच असं कुठे आहे? या पिस्तुलांची नळी पोलादी असते, पण अंग बरंचसं ॲल्युमिनियमचं. हातात येतं ते बहुतेक वेळा अक्रोडाचं लाकूड. वायराउखची दोन पिस्तुलं क्लबात मिळाली तर शेजारी शेजारी धरून बघ. एचडब्ल्यू ४० पॉलिमरचं, पाऊण किलोच्या थोडं वर. एचडब्ल्यू ७५ धातूचं, किलोच्या थोडं वर. एका हाताने नेम धरायला मला ७५ केव्हाही आवडेल. पण पहिले काही महिने शिकायला ४० मिळालं तरी नाक मुरडू नकोस. फक्त दोन्हींत दर शॉटला वरचा भाग उघडून दाबून हवा भरावी लागते, आणि तुझ्यासारख्या लहान हाताला ते त्रासाचं आहे. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचं पिस्तूल वापरायला मिळालं तर तेच माग.

ग्रिप मात्र तुझ्या मापाचीच हवी, इथे तडजोड नको. तळहाताखालची फळी हाताला नुसती टेकायला हवी, आवळायला नको. बोट चापावर सरळ पोचायला हवं. लाकूड कानशीने घासता येतं, लांबी देऊन भरता येतं, ते काम कोचसमोर बसून करून घे.

नेमबाज राही सरनोबतसारखं २५ मीटर पिस्तूल खेळायचं स्वप्न आहे ना तुझं? तो .२२ चा खेळ, त्याला परवाना लागतो, आणि धक्काही असतो. तिथे धातूचं वजन तो धक्का पिऊन टाकतं. पण त्यातल्या रॅपिड टप्प्यात दर शॉटला तीन सेकंदांत हात वर आणून थांबवायचा असतो, म्हणून ते वजन पेलणारा खांदा आत्तापासून तयार कर. रोज पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री कर, बोट चापाबाहेर ठेव आणि कोऱ्या भिंतीकडे नुसतं धरून उभी राहा. हात थरथरायला लागायच्या आधी खाली घे.

आणि धातूचं घेतलंस तर आपल्याकडच्या पावसाळ्यात घामेजलेल्या हाताने तसंच पेटीत टाकू नकोस हं. सुती फडक्याने पूस, पोलादी भागावर तेलाचा हलका हात फिरव. मग ठेव.