संप्रेरके, रसायने आणि शासनाची परीक्षा

विष कोणते आणि औषध कोणते हे मात्रेवरून ठरते, हा सोळाव्या शतकातील पॅरासेल्ससचा सिद्धांत रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. मीही तो वर्गात सांगत आलो आहे. परंतु काही रसायनांमुळे या सिद्धांताला एक पुरवणी जोडणे भाग पडले. रसायन शरीरात किती गेले याबरोबरच ते केव्हा गेले, हेही पाहावे लागते. अशा रसायनांची परीक्षा घेण्याचा जो प्रयत्न अमेरिकन शासनाने केला, त्याची ओळख प्रस्तुत लेखात करून देण्याचा माझा विचार आहे.

आपल्या शरीरातील अंतःस्रावी ग्रंथी संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, रक्तात सोडतात. त्यांचे प्रमाण अत्यल्प असते, पण वाढ, प्रजनन, चयापचय ही सारी कामे त्यांच्या हुकमतीत चालतात. पेशीतील ग्राही हे कुलूप मानले, तर संप्रेरक ही त्याची किल्ली होय. बाहेरून आलेले एखादे रसायन या किल्लीची नक्कल करते, एखादे कुलपात अडकून खऱ्या किल्लीची वाट अडवते, तर एखादे किल्ली घडवण्याच्या कामातच बिघाड करते. प्रौढ शरीर असा बिघाड काही वेळा सावरून घेते. गर्भाचे तसे नसते, कारण त्याची इंद्रिये त्याच वेळी घडत असतात.

याचा दुःखद पुरावा डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनने दिला. गर्भपात टळावा म्हणून १९४० नंतरच्या काळात ते गरोदर स्त्रियांना देत. १९५३ मध्ये शिकागो येथील चाचणीत ते निरुपयोगी ठरले, तरी त्याचा वापर चालू राहिला. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग आढळला, आणि त्याचा संबंध त्यांच्या मातांनी घेतलेल्या या औषधाशी जुळला. औषध घेतले मातेने, आणि भोगले कन्येने, तेही वीस वर्षांनी!

दुसरा पुरावा फ्लोरिडातील अपोप्का सरोवराचा. तेथे १९८० मध्ये डायकोफॉल हे कीटकनाशक सांडले. भोवतालच्या शेतीतील कीटकनाशकेही त्या पाण्यात येतच होती. पुढे लुई गिलेट या प्राणिशास्त्रज्ञाला तेथील ॲलिगेटर जातीच्या मगरींत नरांची जननेंद्रिये खुरटलेली आणि टेस्टोस्टेरॉन कमी झालेले आढळले.

अशा पुराव्यांमुळे अमेरिकेच्या काँग्रेसने ऑगस्ट १९९६ मध्ये अन्न गुणवत्ता संरक्षण कायदा केला. कीटकनाशकांचा परिणाम इस्ट्रोजेनसारखा होतो काय, हे तपासण्याची पद्धत पर्यावरण संरक्षण संस्थेने दोन वर्षांत ठरवावी व तिसऱ्या वर्षी अमलात आणावी, असा त्यात आदेश होता. १९९८ मध्ये सल्लागार समितीने अहवाल दिला. इस्ट्रोजेनबरोबर अँड्रोजेन व थायरॉइड संप्रेरकेही तपासावीत, आणि माणसांबरोबर वन्य जीवांचाही विचार व्हावा, असे तिने सुचवले. समितीपुढे सुमारे ८७,००० रसायनांचा प्रश्न होता.

परीक्षेचे दोन टप्पे ठरले. पहिल्या टप्प्यात अकरा चाचण्या आहेत. पाच परीक्षानळीतल्या व सहा जिवंत प्राण्यांवरच्या. त्यांपैकी एक सांगतो. बेडकाच्या शेपटीवाल्या पिलाचे बेडकात रूपांतर थायरॉइड संप्रेरकामुळे होते. रसायन मिसळलेल्या पाण्यात हे रूपांतर रेंगाळले किंवा घाईने झाले, तर संशयाला जागा आहे. मात्र पहिला टप्पा केवळ संशय दाखवतो. अपाय होतो काय व किती मात्रेला होतो, हे दुसऱ्या टप्प्यात ठरायचे.

एकच चाचणी निरनिराळ्या प्रयोगशाळांत सारखेच उत्तर देते, याची खात्री करून घेण्यात वर्षे गेली. कायद्याची मुदत १९९९ मध्ये संपली, आणि चाचण्यांचे पहिले आदेश निघाले ऑक्टोबर २००९ मध्ये. पहिल्या यादीत ६७ रसायने होती. मॅलॅथिऑन, डायमेथोएट, क्लोरपायरिफॉस ही त्यांतील नावे आपल्याकडील शेतकऱ्यांच्याही तोंडी आहेत. २०१५ मध्ये ५२ रसायनांचे निष्कर्ष आले. २० मध्ये संप्रेरकांशी संबंध आढळला नाही. १४ मध्ये संबंधाची शक्यता दिसली, पण उपलब्ध माहितीवरून धोका नसल्याचे संस्थेने ठरवले. उरलेल्या १८ रसायनांत थायरॉइडशी संबंधाची शक्यता दिसली. परंतु २०२१ मध्ये संस्थेच्याच महानिरीक्षकाने अहवाल दिला, की या कार्यक्रमाची प्रगती तोकडी असून दुसऱ्या टप्प्याचे आदेश निघालेलेच नाहीत. पुढे संस्थेवर खटला झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थेने नवी योजना जाहीर केली.

या इतिहासावरून शासनाला केवळ दोष देऊन मोकळे होणे मला उचित वाटत नाही. कच्च्या चाचणीवर घाईने दिलेला निर्णय निर्दोष रसायनाला गुन्हेगार ठरवील आणि गुन्हेगाराला मोकळे सोडील. परंतु विलंबाचीही किंमत असते, आणि ती चुकवणारे अद्याप जन्मालाही आलेले नसतात.

विद्यार्थी मित्रहो, प्रात्यक्षिकाच्या वहीत क्षाराचे पृथक्करण लिहिताना चाचणी न करताच 'क्लोराइड नाही' असे कोणी लिहिले, तर मी त्याचे गुण कापतो. उत्तर बरोबर निघाले तरीही कापतो. 'आढळले नाही' आणि 'पाहिलेच नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. एखादे रसायन निर्धोक आहे असे कानावर येईल, तेव्हा ते कोणत्या संप्रेरकासाठी आणि कोणत्या वयाच्या जीवावर तपासले गेले, एवढे जरूर विचारा. आपले शास्त्र आपल्याला हा प्रश्न विचारायला शिकवते, आणि तो विचारण्यासाठी पदवी मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही.