खाली दुकान, वर बिऱ्हाड

महाडची बाजारपेठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एका प्रकारच्या घरांची ओळख करून द्यावी लागणार नाही. रस्त्याच्या अंगाला दुकानाचे गाळे, मागे मालाची खोली, वर लाकडी माडीवर बिऱ्हाड आणि माथ्यावर कौले. सावित्रीच्या खाडीतून गलबते येत आणि वरंध घाटाने देशावरचा माल उतरत असे, त्या काळापासून धंदा आणि संसार एकाच छपराखाली चालविण्याची ही रीत आहे. आता या घरांतील मुले मुंबई-पुण्यास स्थायिक झाली आणि घरे विकावयास निघाली. असे घर विकताना नेमके काय विकले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. मी सव गावची. माझे वडील पेठेतील अशाच एका घराच्या गाळ्यात भाड्याने शिवणकाम करतात. माझी फी त्याच गाळ्यातून येते. मालक मंडळींनी घर विकावयास काढले तेव्हा एका मध्यस्थाने वडिलांना सांगितले, "घर विकले की तुमचे भाडे संपले. महिन्याभरात गाळा मोकळा करा." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे या बोलण्यात खरे किती, हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिला प्रश्न मालक कोण हा. शेतीला सातबारा, तसा नगरभूमापन झालेल्या वस्तीत मिळकत पत्रिका असते. पुष्कळदा तिच्यावर वारलेल्या आजोबांचेच नाव असते. वारसांची नोंद करावी लागते. पण नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. पेठेत 'मालक' म्हणजे दोघे-तिघे भाऊ, असा समज असतो. वस्तुतः १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगीही वडिलांची वारस आहे. वडिलार्जित एकत्र मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाइतकाच हक्क मिळाला. हा हक्क जन्मानेच आहे, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तेव्हा पोलादपुरास दिलेल्या बहिणीचीही सही लागते. तिला हक्क सोडावयाचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. राखीपौर्णिमेला तोंडी दिलेला शब्द त्यास पुरत नाही.

दुसरा प्रश्न भाडेकरूचा. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, की घेणारा मनुष्य जुन्या मालकाच्या जागी येतो. भाडे घेण्याचा हक्क त्याला मिळतो, तशा जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्याही त्याच्याकडे येतात. म्हणजे विक्रीने मालक बदलतो, भाडेकरार आपोआप संपत नाही. ज्या गावांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे, तेथे भाडे नियमित भरणाऱ्यास कायद्यात दिलेल्या कारणावाचून आणि न्यायालयाच्या हुकुमावाचून काढता येत नाही. भाड्याची पावती देणे हे तर मालकावर बंधनच आहे. वडिलांना वाचता येत नाही; पण त्यांनी प्रत्येक पावती बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. वकिलांनी तो डबा पाहिला आणि म्हणाले, "हीच तुमची सनद." मध्यस्थ पुन्हा गाळ्यात आला नाही. घराचा व्यवहार अजून व्हावयाचा आहे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले. हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या पाण्याने जोते खचले असेल, तुळई कुजली असेल आणि वरून रंग दिला असेल, तर बाहेरगावच्या गिऱ्हाइकास ते कसे कळावे? साध्या पाहणीत न दिसणारा पण विकणाऱ्यास माहीत असलेला महत्त्वाचा दोष त्याने घेणाऱ्यास सांगितलाच पाहिजे, असे १८८२ चाच कायदा म्हणतो. घेणाऱ्यानेही जागा पूररेषेत आहे काय, हे विचारावे. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर निर्बंध असतात.

यानंतर कागद. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मागील तीस वर्षांचा शोध घेण्याची वकिलांची पद्धत आहे. त्यातून जुने गहाण उघडकीस येते. साठेखत म्हणजे विक्री नव्हे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. मुद्रांक शुल्क भरून, सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस द्यावा लागतो.

हे सारे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. विकणारा आपल्यापाशी असलेला हक्कच विकू शकतो. बहिणीचा वाटा आणि भाडेकरूचा गाळा त्याच्या मुठीत नसतो. हक्क कोणाचा हा प्रश्न महाडला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळ्याविषयीचा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या महान लढ्याशी आमच्या गाळ्याची तुलना मी करीत नाही. परंतु "हे आमचे, तुम्ही निघा" असे कोणी म्हटले, तर "कागद दाखवा" असे नम्रपणे विचारावे, एवढे तरी या गावात शिकलेल्या प्रत्येकाला यावयास हवे. आणि ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नाही, त्यांचे कागद आपण वाचून द्यावेत. आपल्या शिक्षणाचा हा पहिला उपयोग, असे मला वाटते.