सेवेतील परिचारिकांसाठी पदवीची वाट

रुग्णालयात खाटेवर असलेल्या माणसापाशी डॉक्टर दिवसातून एक-दोन वेळा येतात. उरलेल्या वेळी त्याची नाडी, ताप, श्वास आणि औषधाची वेळ यांवर लक्ष असते ते परिचारिकेचे. रात्री दोन वाजता रुग्णाच्या श्वासोच्छ्वासातील बदल प्रथम तिलाच जाणवतो. तो किती गंभीर आहे, डॉक्टरांना तत्काळ बोलवावे किंवा कसे, हे तिला त्या क्षणी ठरवावे लागते. म्हणूनच परिचारिकेच्या उच्च शिक्षणाचा संबंध तिच्या बढतीइतकाच रुग्णाच्या जीविताशीही आहे.

पदविका आणि पदवी

भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला. तथापि, त्यानंतरही दीर्घकाळ बहुसंख्य परिचारिका रुग्णालयांना जोडलेल्या प्रशिक्षण शाळांतून सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येची पदविका घेऊन सेवेत येत राहिल्या. हा अभ्यासक्रम पूर्वी साडेतीन वर्षांचा होता. आता तो तीन वर्षांचा आहे. बारावीनंतर थेट पदवी घ्यावयाची तर चार वर्षे लागतात.

दहा-बारा वर्षे सेवा केलेल्या अधिपरिचारिकेने पुन्हा पहिल्या पायरीपासून प्रारंभ करावा, हे न्याय्य नव्हे आणि शक्यही नाही. तिच्यासाठी ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदविका उत्तीर्ण असून राज्य परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसविका म्हणून नोंदणी झालेल्या बारावी उत्तीर्ण उमेदवारांना त्यासाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिक येथे स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ अशा महाविद्यालयांना संलग्नता देते. ज्यांना नोकरी सोडून महाविद्यालयात बसणे शक्य नाही, अशा सेवेतील परिचारिकांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला. त्यातही प्रात्यक्षिकांना हजर राहणे आवश्यक असते, कारण परिचर्या केवळ पुस्तकावरून शिकता येत नाही.

काय शिकविले जाते?

पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, आहारशास्त्र व मानसशास्त्र यांसह माता, बालक आणि शस्त्रक्रियेचे रुग्ण यांची परिचर्या येते. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, अध्यापन, प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र यांचा परिचय होतो. जखमेची मलमपट्टी निर्जंतुक हाताने करावी, हे तिला पूर्वीच ठाऊक असते. तसे न केल्यास जखमेत नेमके काय घडते, हे ती आता शिकते. अनुभवाला कारणांची जोड मिळते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा मार्गही येथूनच खुला होतो आणि त्यासाठी लागणाऱ्या एक वर्षाच्या अनुभवात तिची पूर्वीची सेवा धरली जाते.

या शिक्षणाचा रुग्णाला काय लाभ? युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल, तेथे रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात असेही दिसले की, एका परिचारिकेवर एक रुग्ण जरी वाढला, तरी ती शक्यता तितकीच वाढते. अर्थात, परिचारिकांचे शिक्षण आणि त्यांची पुरेशी संख्या या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

खरी अडचण

येथेच खरा पेच आहे. परिचारिकेला शिक्षणासाठी मोकळे करावे, तर वॉर्डात दोन हात कमी होतात आणि तिचा भार सहकाऱ्यांवर पडतो. मोकळे न करावे, तर तिचे ज्ञान पदविकेपाशीच थांबते. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. परंतु बदली व्यवस्था वेळेवर झाली नाही, तर ही तरतूद कागदावरच राहते. घरची जबाबदारी, शुल्क आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांची धास्ती यांमुळेही अनेकजणी मागे फिरतात.

आपण काय करू शकतो?

रुग्णालय प्रमुखांनी दरवर्षी किती परिचारिकांना पाठवावयाचे, याचे वेळापत्रक आगाऊ ठरवावे आणि तेवढ्या काळासाठी बदली परिचारिकांची मागणी वेळीच नोंदवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावे की, पदविकेने परिचर्येचे शिक्षण संपत नाही. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची मान्यता व विद्यापीठाची संलग्नता तपासून घेण्याचा सल्लाही त्यांनी आवर्जून द्यावा; मान्यता नसलेल्या संस्थेत पैसा व वर्षे दोन्ही वाया जातात.

पंचायत सदस्यांचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे. सपाटीवर पाच हजार व आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले आणि तेथे नेमावयाच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदासाठी प्रशिक्षित परिचारिकांनाही वाव मिळाला. रक्तदाब, मधुमेह यांची तपासणी आता गावातच व्हावयाची आहे. गावची एखादी लेक परिचारिका म्हणून सेवेत असेल, तर तिला या अभ्यासक्रमाची माहिती द्यावी आणि शिकत असता तिच्या घरच्यांना धीर द्यावा. तिने मिळविलेले ज्ञान उद्या कोणाच्या तरी खाटेपाशी, रात्री दोन वाजता, उपयोगी पडणार आहे.