झोपलेल्या बाळाला उठवावं का?

प्रश्न : बाळ १२ दिवसांचं, जन्मवजन २ किलो १०० ग्रॅम. रात्री सलग पाच तास झोपतं. सासूबाई उठवू देत नाहीत. साखर उतरेल का? – एक आई, आगरदांडा

उत्तर : ताई, उठवाच. अडीच किलोखालच्या बाळाच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो, म्हणून रात्रीही दोन-तीन तासांनी पाजायला हवं. दुपटं सोडा, तळपाय चोळा, उघड्या छातीशी घ्या. ओढायला दमत असेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या. मध, गुळाचं पाणी, घुटी अजिबात नको. सासूबाईंची माया खरी, पण सुस्त पडलेलं बाळही शांत झोपल्यासारखंच दिसतं. अंग गार वा लुळं वाटलं, हातपाय थरथरले, दूध ओढेना, तर मुरूडचा दवाखाना उघडायची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा. वाटेतही बाळ छातीशीच ठेवा.