बोंड स्पष्ट, टेकडी धूसर

समुद्रपूर तालुक्यात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: इथे फोटो काढण्यासारखं आहे काय? सपाट काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, विजेचे खांब आणि दूरवर गिरडची टेकडी. हे सगळं सारखंच स्पष्ट टिपलं की नजर कुठेच ठरत नाही. निसर्गचित्र पायापासून क्षितिजापर्यंत लख्ख असावं हा दंडक जुना आहे. १९३२ साली अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सोबत्यांनी तर आपल्या गटाला ‘एफ ६४’ असं लेन्सच्या अगदी बारीक छिद्राचंच नाव दिलं. योसेमिटीच्या कड्यांना ते शोभतं. आपल्या कापसाच्या वावराला उलटी कृती मानवते. जवळचं एक बोंड धारदार घ्यायचं आणि मागचं सारं धूसर होऊ द्यायचं. किती धूसर, हाच काय तो प्रश्न.

साहित्य फार लागत नाही. एपीएस-सी सेन्सरचा साधा कॅमेरा आणि ५० मिमी, एफ १.८ लेन्स. ती नसेल तर कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८–५५ चालेल. का ते पुढे येईलच.

वेळ सकाळची धरा. दिवाळीच्या आसपास बोंडं फुटलेली असतात आणि ऊन तिरपं असतं. भर दुपारी एफ १.८ वर, आयएसओ १०० ला शटर सेकंदाच्या सुमारे आठ हजाराव्या भागाइतकं वेगवान लागतं. बरेच साधे कॅमेरे चार हजारावरच थांबतात आणि कापूस पांढराफटक होतो. दुपारीच जायचं असेल तर एनडी फिल्टर लावा. दाट धुकं असेल तर मात्र थोडं थांबा. टेकडी दिसतच नसेल तर ती धूसर काय करणार?

धुऱ्यावरून चालत एक बरं बोंड शोधा आणि त्याच्यापासून मीटरभर अंतरावर खाली बसा. उभ्याने काढलं तर बोंडामागे मातीच येते. बसल्यावर मागे आकाश आणि टेकडी येते. बोंड टेकडीच्या माथ्यावर बसवू नका, बाजूला ठेवा. खांब मध्ये येत असेल तर दोन पावलं सरका. धूसर झाला म्हणून खांब नाहीसा होत नाही, त्याचा जाड पट्टा होतो.

आता कॅमेरा छिद्र आपण ठरवण्याच्या मोडवर (ए किंवा एव्ही) आणा. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तोच बोंडाच्या पुढच्या तंतूंवर न्या. मधल्या बिंदूने फोकस करून मग कॅमेरा वळवायची सवय इथे नडते, कारण मीटरभरावर एफ १.८ ला स्पष्टतेची पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटरची असते. मागची माती काळी असली की कॅमेरा फसतो आणि कापूस जळतो. एक्स्पोजर पाऊण-एक पायरी कमी करा. पऱ्हाटी वाऱ्याने हलतेच. शटर अडीचशेच्या खाली जाऊ देऊ नका आणि चार-सहा फोटो सलग घ्या.

मग जागा न सोडता छिद्र बदलत जा: १.८, २.८, ४, ५.६, ८. घरी हे फोटो शेजारी ठेवून बघा. एफ १.८ ला टेकडीचा प्रत्येक बिंदू फोटोच्या रुंदीच्या सुमारे सहा टक्के पसरतो. एवढ्या पसाऱ्यात टेकडी उरत नाही, नुसता निळसर डाग राहतो, आणि तो फोटो कुठल्याही कुंडीतल्या झाडाचा वाटतो. एफ ५.६ ला हाच पसारा दोन टक्क्यांवर येतो. टेकडीची रेघ ओळखू येते, बोंडही पूर्ण स्पष्ट राहतं. माझं मत याच आकड्याला आहे, आणि ५५ मिमीवर साधी किट लेन्ससुद्धा तो देते. एफ १.८ वरच राहून बोंडापासून तीन मीटरवर सरकलात तरी टेकडी एफ ५.६ इतकीच धूसर दिसते. फक्त बोंड तिपटीने लहान होतं.

बोंडाचा कंटाळा आला तर गिरडलाच जा. ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर गोल गोटे विखुरलेले आहेत. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्यांची आख्यायिका. भूगर्भवाल्यांच्या लेखी त्या झिओलाइटच्या गाठी. एक गोटा जमिनीलगत, जवळून धारदार घ्या आणि मागे खालची शेतं. गोटा उचलून सजवू नका, आहे तिथेच टिपा.

मोबाइलवाल्यांनी पोर्ट्रेट मोड टाळावा. तो धूसरपणा हिशेबाने रंगवतो आणि कापसाचे तंतू कुरतडल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा साध्या मोडमध्येच बोंडाच्या वीतभर जवळ जा. धूसरपणा कमी मिळेल, पण खरा मिळेल.

वावर कुणाचं तरी असतं. आत शिरण्याआधी विचारा, फुटलेली बोंडं पायाखाली येऊ देऊ नका, आणि फोटो चांगला आला तर तो मालकाच्या मोबाइलवर नक्की पाठवा.