उणे कोणते? : जीवसंख्येच्या मर्यादांचा पाठ

(इयत्ता ६ वी व ७ वीच्या शिक्षकांकरिता. विषय : सामान्य विज्ञान)

हेतु : वनस्पती व प्राणी यांची संख्या अमर्याद का वाढत नाही, ती कोणत्या कारणाने थांबते आणि ते कारण निरीक्षणाने कसे शोधावे, हे विद्यार्थ्यांस समजावे.

प्रस्तावना

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. ज्वारी उगवून आली म्हणजे घरची माणसे विरळणी करतात, हे त्यांनी पाहिलेले असते. त्यांस विचारावे, "चांगली उगवलेली रोपे उपटून का टाकली?" उत्तर येईल, "दाटीत कणीस भरत नाही." पाठाचा प्रारंभ याच उत्तरापासून करावा. मग पुढचा प्रश्न टाकावा, "दाटीत रोपाला नेमके काय उणे पडते?" कोणी पाणी म्हणेल, कोणी खत, कोणी ऊन. तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत. लगेच निवाडा करू नये.

विषयविवेचन

१. मर्यादक घटक

शेताचा बांध तीन बाजूंनी कितीही उंच असला, तरी जेथे तो सर्वांत खचलेला असेल तेवढ्याच उंचीपर्यंत पाणी शेतात ठरते. जीवांच्या वाढीचेही तसेच आहे. पाणी, अन्न, प्रकाश, उष्णता, जागा या सर्वांपैकी गरजेच्या मानाने जे सर्वांत कमी, तेच वाढीची सीमा ठरविते. पिकांच्या पोषणाविषयीचा हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १९ व्या शतकात प्रसिद्धीस आणला. अशा घटकास मर्यादक घटक म्हणतात. एखाद्या गोष्टीची कमतरता जशी मर्यादा घालते, तसा तिचा अतिरेकही घालतो.

पूर्णाकाठचा खारपाणपट्टा हे याचे घरचेच उदाहरण. शेगाव, संग्रामपूर या बाजूस जमीन काळी व खोल आहे, ऊन भरपूर आहे, जमिनीखाली पाणीही आहे. परंतु ते खारे. म्हणून विहीर असूनही ओलिताचे पीक मनाजोगे येत नाही. तेथे उणे आहे ते गोड्या पाण्याचे. खताची गाडी वाढवून ते उणे भरून निघत नाही.

दुसरे उदाहरण लोणारचे. उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या खड्ड्यात सरोवर आहे. पाणी आहे, ऊन आहे. तरी सरोवराच्या पाण्यात मासा जगत नाही. ते पाणी खारे तर आहेच, शिवाय धुण्याच्या सोड्याच्या पाण्यासारखे अल्कधर्मी आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. लोणारच्या पाण्याचा सुमारे १० भरतो. परंतु ज्या पाण्यात मासा जगू शकत नाही, त्याच पाण्यात नीलहरित शेवाळ म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्मजीव विपुल वाढतात. यावरून विद्यार्थ्यांस हे दाखवावे की, मर्यादक घटक नेहमी कोणासाठी तरी मर्यादक असतो. एकाचा अडसर तो दुसऱ्याचा आसरा ठरू शकतो.

मर्यादा ऋतुमानाप्रमाणे बदलते, हेही लोणारनेच दाखविले. जून २०२० मध्ये उन्हाळ्याने पाण्याची पातळी उतरली, क्षारता वाढली आणि सरोवर गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा गुलाबी रंगद्रव्य असणारे क्षारप्रिय सूक्ष्मजीव त्यात बहरल्याचे आढळले. पावसाचे पाणी मिसळून क्षारता कमी झाल्यावर तो रंग ओसरला.

२. धारणक्षमता

गावच्या गायरानावर ठराविक गवत उगवते. त्यावर जितकी जनावरे गवताचे मूळ न खुरटता वर्षानुवर्षे चरू शकतील, तितकी त्या गायरानाची धारणक्षमता. जनावरे त्याहून अधिक झाली, तर गवत बी धरण्यापूर्वीच संपते, माती उघडी पडून वाहून जाते आणि पुढच्या वर्षी पहिल्याइतकी जनावरेही पोसत नाहीत. म्हणजे मर्यादा ओलांडली की मर्यादाच खाली येते. उलट, बांधबंदिस्ती केली, चराई काही काळ बंद ठेवली, तर ती वर चढते. धारणक्षमता म्हणजे दगडावर कोरलेला आकडा नव्हे.

येथे वाघाची हकीकत सांगावी. मुले ती कान देऊन ऐकतात. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. वयात आलेल्या नर वाघास स्वतःचा प्रदेश लागतो. तेथील एका तरुण नरास फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ पट्टा बसविण्यात आला होता. जून २०१९ मध्ये तो निघाला आणि विदर्भ, तेलंगणा व मराठवाडा यांतील शेतशिवारे, नदीनाले ओलांडीत डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोपर्यंत त्याची चाल सुमारे १,३०० किलोमीटर झाली होती.

ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे आहे. नीलगाय व रानडुक्कर ही भक्ष्ये तेथे होती. जागेसाठी भांडणारा दुसरा वाघही नव्हता. मग वाघांची संख्या एकावरच का राहिली? हा प्रश्न वर्गास विचारून थांबावे. थोड्या वेळाने कोणी तरी म्हणेल, "वाघीण नव्हती!" अन्न, पाणी, जागा असूनही जोडीदाराअभावी संख्या वाढत नाही. मादी आणून सोडावी काय, याचा विचार २०२० मध्ये झाला. परंतु हे वन लहान, सभोवार शेती. बछडे मोठे होऊन त्यांनाही प्रदेश लागला असता. एक उणे भरले की त्याच्या मागे उभे असलेले दुसरे उणे पुढे येते, ते असे. तो वाघ पुढे निघून गेला व मार्च २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात आढळला.

३. वर्गातील प्रयोग

सारख्या आकाराचे, बुडाशी छिद्रे पाडलेले चार डबे घ्यावेत. एकाच शेतातील माती भरावी. पहिल्यात मुगाचे ५ दाणे, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात व चौथ्यात प्रत्येकी ६० पेरावेत. पहिल्या तीन डब्यांना सारखे पाणी व चौथ्यास दुप्पट द्यावे. चार आठवडे दर शनिवारी जिवंत रोपे मोजावीत, उंची व काडीची जाडी नोंदवावी. तिसऱ्या व चौथ्या डब्यांत फरक पडला, तर पाणी हे उणे होते; न पडला, तर उणे दुसरे काही आहे.

एक सूचना अनुभवावरून करतो. एका शाळेत तपासणीस गेलो असता एका मुलीने वहीत लिहिले होते, "दाटीतली रोपे उंच झाली, पण काड्या बारीक राहिल्या." शिक्षकांनी ते खोडून "वाढ खुंटली" असे लिहविले होते, कारण पुस्तकात तसे होते. मुलीचे निरीक्षण खरे होते. दाटीत रोपे उजेडासाठी उंच धावतात आणि काडी बारीक राहते. प्रकाशाचे उणे तिने डोळ्यांनी टिपले होते. जे दिसले ते वहीत राहू द्यावे. ते पुस्तकाशी जुळत नसेल, तर तेथूनच विज्ञानास आरंभ होतो.

४. एक इशारा

विरळणीचा दृष्टांत माणसांस लावू नये. "घरात खाणारी तोंडे अधिक, म्हणून काही नकोशी," असा अर्थ मुलाच्या मनात शिरता कामा नये. मनुष्यास उणे ओळखता येते आणि मिळून ते भरून काढता येते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने गावोगाव कामे काढून मजुरी दिली व बाहेरून धान्य आणले. वर्गात मागे पडलेल्या मुलाविषयीही आपण हाच प्रश्न स्वतःस विचारावा. त्यास फळा दिसत नसेल, सकाळचे जेवण मिळत नसेल, किंवा घरची बोली शाळेच्या भाषेहून वेगळी असेल, तर अभ्यास दुप्पट देणे म्हणजे खारपाणपट्ट्यात खताची गाडी वाढविणे होय.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील एखादा प्राणी किंवा वनस्पती निवडा. तिची संख्या कोणत्या घटकामुळे थांबली असावी? कशावरून?
२. लोणारच्या सरोवरात मासा का जगत नाही? शेवाळ का वाढते?
३. आपल्या गायरानावर पूर्वी किती जनावरे चरत व आज किती चरतात, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहा. फरकाचे कारण शोधा.
४. ज्ञानगंगेत वाघीण आली असती, तर पुढे कोणते उणे भासले असते?