दार कोणी लावले?

शास्त्रपाठ : मत्तय २३:१-१३, लूक १५:११-३२



बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातील व सीमाभागातील आपल्या लहान मंडळ्यांतून काही मुलेमुली शिक्षणासाठी बेंगळूरला येतात. भाषांतराच्या कामानिमित्त या शहरात अशा तरुणांशी बोलण्याचा योग येतो. त्यातील काहींनी केवळ शिक्षणासाठी गाव सोडलेले नसते. गावातील धार्मिकपणापासून त्यांना दूर जायचे असते. रविवारी पहिल्या बाकावर बसणारे वडीलजन सोमवारी कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहतात. उपदेशात जातिभेदाचा निषेध होतो, पण सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारली जाते. मुले हे पाहतात, गप्प राहतात व एके दिवशी निघून जातात. मग आपण म्हणतो, "पोर देवाला विसरले." हे निदान खरे आहे काय?

१. 'ढोंगी' हा शब्द

आपल्या बायबलात जेथे 'ढोंगी' आहे, तेथे मूळ ग्रीक शब्द 'हुपोक्रितेस' आहे. ग्रीक लोक हा शब्द रंगभूमीवरील नटासाठी वापरीत. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र (ईयोब ३४:३०, ३६:१३) तो 'देवहीन' या अर्थाच्या हिब्रू शब्दासाठी आला आहे. दोन्ही छटा एकत्र पाहिल्या म्हणजे प्रभूच्या शब्दाची धार कळते. जो देवाचे सोंग घेतो, त्याच्याजवळ देव नसतो. नव्या करारात हे नाम केवळ प्रभू येशूच्याच मुखी आले आहे. जकातदार व पापी यांना नव्हे, तर धर्माच्या आसनावर बसलेल्यांना त्याने हे नाव दिले. त्यांच्यावरील पहिला आरोपही पाहा (मत्तय २३:१३): ते स्वतः राज्यात जात नाहीत व जाऊ पाहणाऱ्यांपुढे दार लावून घेतात.

२. दूर जाणे म्हणजे मुक्ती नव्हे

तरुण मित्रांनो, आता तुमच्यासाठी एक शब्द. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले. मुंबईत शिकत असता ते परमहंस सभेत गेले. जातिबंधने नाकारणारी ही सभा १८४९ मध्ये स्थापन झाली, पण तिचे काम गुप्तपणे चाले. सभेत पाव खाऊन जात मोडायची व घरी जाऊन सोवळे पाळायचे, असे ते दुहेरी जीवन होते. १८६० मध्ये सभासदांची नावे फुटताच सभा मोडली. ढोंगाला कंटाळलेल्यांच्या वाट्यालाही सोंगच आले होते. त्याआधीच, १८५४ मध्ये, पदमनजींनी आपल्याच बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला व घरच्यांचा दुरावा सोसला.

बेंगळूरच्या वसतिगृहात एक चेहरा व नाताळच्या सुटीत गावी दुसरा, असे तुमचे होत असेल, तर नाटक संपलेले नाही. केवळ रंगमंच बदलला आहे. शंका असल्यास ती उघडपणे विचारा. प्रभूने प्रामाणिक शंकेखोराला, थोमाला, ढोंगी म्हटले नाही.

३. बाहेर आलेला पिता

लूक १५ मध्ये धाकटा दूरदेशी गेला, पण घराबाहेर दोघेही होते. थोरला नियम पाळीत होता, तरी मेजवानीच्या वेळी तो दाराबाहेरच उभा राहिला (वचन २८). पिता दोघांसाठीही बाहेर आला. वडीलजनहो, आपण मुलांच्या परतण्याची वाट पाहतो, पण ज्या घरात त्यांनी परतावे, तेथे त्यांना पिता भेटेल की केवळ थोरला भाऊ? मुलांना पत्र लिहून उपासनेची हजेरी विचारण्याआधी आपल्यातील एखादे भांडण मिटवा, एखादी चूक त्यांच्यासमोर कबूल करा. दार आतून लावलेले आहे. ते आतूनच उघडावे लागेल.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत तरुणांना निर्भयपणे प्रश्न विचारता येतात काय?
२. मी घरात एक व मंडळीत दुसरा असा कोठे वागतो?
३. गाव सोडून गेलेल्या कोणत्या तरुणाकडे मी या आठवड्यात स्वतः जाईन?